आपली ओळख, आपलं कुलूप

गटाचं खातं असो की सिमकार्ड, आपण आधारची झेरॉक्स देऊन मोकळ्या होतो. ती पुढे कुणाच्या हाती जाते, कळत नाही. घराची किल्ली आपण अशी वाटतो का?

नुसती ओळख दाखवायची असेल, तर 'मास्क्ड आधार' काढून घेऊ. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात.

अंगठ्यावर बँकेतले पैसेही निघतात. म्हणून आधारच्या ॲपवरून आपल्या ठशांना कुलूप लावता येतं. मात्र रेशनला अंगठा लावण्याआधी ते आपणच उघडायचं.

दोन्हींसाठी ओटीपी लागतो. तेव्हा आधारला जोडलेला नंबर आपल्याच मोबाइलचा आहे ना, हे आधी पाहू. अडलं तर १९४७ वर विचारू. येत्या बैठकीत एकमेकींना करून दाखवू या!