बुलेटप्रूफ जॅकेट चाकूचा वार अडवते का?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील अनेक मुले पोलीस, सीआरपीएफ आणि सैन्यात आहेत. त्यांचे आई-वडील दवाखान्यात आले की विचारतात, “डॉक्टर, जॅकेट घातलं की पोरगं सुरक्षित ना?” वार कशाचा आहे आणि कुठे लागतो, यावर ते अवलंबून असते.

गोळी आणि चाकू यांत फरक काय?

पिस्तुलाची गोळी वेगवान, पण तोंडाला बोथट असते. केवलारसारख्या मजबूत धाग्यांचे थर तिला जाळ्यासारखे पकडतात. ती चपटी होते आणि तिचा जोर पसरतो. चाकूचा वेग कमी असतो, पण जोर टोकावर एकवटतो. टोक धाग्यांतून वाट काढते, धार धागे कापते. म्हणून नुसते गोळीरोधक कापडी जॅकेट चाकूपुढे कमी पडू शकते.

चाकूरोधक जॅकेटमध्ये अतिशय घट्ट वीण, धातूच्या कड्यांची जाळी किंवा पातळ पत्रे असतात. ते गोळी अडवेलच असे नाही. एके-४७ सारख्या रायफलसाठी तर सिरॅमिक, स्टील किंवा पॉलिएथिलीनची कडक प्लेट लागते. दोन्ही संरक्षण देणारी जॅकेटही असतात. म्हणून लेबल वाचा. भारतात गोळीरोधक जॅकेटसाठी २०१८ चे आयएस १७०५१ हे मानक आहे.

न झाकलेला भाग

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हेमंत करकरे शहीद झाले. त्यानंतर जॅकेटच्या दर्जावर मोठा वाद झाला. मात्र गोळ्या मान-खांद्याच्या भागात लागल्याचे शवविच्छेदनाच्या आधारे सांगण्यात आले. मान, काख, मांडीचा सांधा येथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि साधे जॅकेट तिथे पोहोचत नाही.

गोळी अडली, तरी तपासणी हवीच

जॅकेट आत दबते, तेव्हा बरगडी मोडू शकते. फुप्फुस, हृदय किंवा यकृताला मार लागू शकतो. बाहेर फक्त काळानिळा डाग दिसतो. धाप, छातीत दुखणे, पोट कडक होणे, चक्कर ही लक्षणे काही तासांनीही येतात. त्यामुळे “काही झालं नाही” म्हणून घरी थांबू नका.

चाकू शरीरात रुतला असेल तर उपसू नका. तो हलणार नाही असा आधार द्या, जखमेच्या कडेने स्वच्छ कापडाने दाब द्या आणि लगेच १०८ ला फोन करा.

आणि मलकापूर-खामगावच्या उन्हाळ्यात जॅकेट घालून ड्युटी करणाऱ्यांनी तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. उष्माघात कोणतेही जॅकेट अडवत नाही.