मेवलेवी समा-विधि आणि प्रवाशाची साक्ष

तुर्कस्तानांतील मेवलेवी दरवेशांच्या गिरक्या पाहून परदेशी प्रवाशांनीं गेल्या तीनशें वर्षांत पुष्कळ लिहून ठेविलें आहे. इ. स. १७१७-१८ मध्यें इस्तंबूल येथें असलेली लेडी मेरी मॉंटेग्यू, १८४१ मध्यें तेथें गेलेला हान्स आंदरसन व १८५२ मध्यें गेलेला फ्रेंच लेखक गोतिये यांचीं वर्णनें प्रसिद्ध आहेत. अशा साक्षींतून इतिहासासाठीं काय घ्यावें व काय सोडावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम विधीचा क्रम ध्यानीं घ्यावा. आरंभीं पैगंबरांची स्तुति गाइली जाते. मग नगाऱ्याची थाप पडते व ‘नै’ नामक बांवरी वाजूं लागते. शेख तांबड्या मेंढीच्या कातड्यावर असतो. दरवेश त्या आसनापाशीं परस्परांस लवून दालनास तीन प्रदक्षिणा घालतात. यानंतर काळा झगा उतरवून शुभ्र घोळदार वस्त्रानें ते गिरक्या घेऊं लागतात. डावें पाऊल स्थिर, उजवा तळहात वर व डावा खालीं. अशीं चार आवर्तनें होतात. चौथ्यांत शेख स्वतः सामील होतो. शेवटीं कुराणपठण होतें. उंच टोपी म्हणजे थडग्यावरील शिळा, झगा म्हणजे कबर आणि शुभ्र वस्त्र म्हणजे कफन, असा पंथांतील अर्थ आहे.

प्रवाशाची नजर बहुधा गिरक्यांवरच खिळते. प्रदक्षिणा व अभिवंदन त्यास केवळ पूर्वतयारी वाटते. वस्तुतः ही प्रदक्षिणा सुलतान वलद या मौलाना रूमींच्या पुत्राच्या नांवानें ओळखली जाते व पंथाची परंपरा तींतच मूर्त होते. याकरितां प्रवाशानें डोळ्यांनीं पाहिलेलें स्वीकारावें. त्यावरून बांधलेला तर्क मात्र पंथाच्या ग्रंथांशीं ताडून घ्यावा. चित्रांची साक्षही याच रीतीनें वापरावी. व्हानमूर (मृत्यु १७३७) या चित्रकारानें रेखाटलेला गलता येथील मठ १४९१ मध्यें स्थापन झाला. पुढें १७६५ च्या आगींत तो जळाला. अर्थात् तें चित्र आगीपूर्वींच्या दालनाचें मोलाचें साधन ठरतें.

दुसरी गोष्ट काळाची. हा विधि रूमींच्या हयातीपासून जसाच्या तसा चालत आला, अशी समजूत प्रवासवर्णनांनीं रूढ केली आहे. ती टिकत नाहीं. रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजीं कोन्या येथें वारले. अफ्लाकीच्या चौदाव्या शतकांतील फारसी चरित्रग्रंथांत दिसणारा समा हा भावावेशाचा, कधींही व कोठेंही घडणारा आहे. आरंभींच्या स्तुतीची आजची चाल इत्री या संगीतकाराची असून तो अठराव्या शतकाच्या आरंभीं वारला. म्हणजे एका विधींत निरनिराळ्या शतकांचे थर आहेत.

आणखी एक थर अलीकडचा. ३० नोव्हेंबर १९२५ च्या कायद्यानें तुर्कस्तानांतील सर्व मठ बंद झाले; रूमींच्या समाधीचें १९२७ मध्यें संग्रहालय झालें. १९५० नंतरच्या दशकांत कोन्या येथें हा विधि पुनः लोकांपुढें येऊं लागला, पण मठवासी समाजाचें नित्यकर्म म्हणून नव्हे. २००८ मध्यें युनेस्कोच्या यादींत त्याचा समावेश झाला. आज डिसेंबरांत कोन्यास जाणारा प्रवासी जें पाहतो, त्याचा क्रम जुना आहे. त्यामागील मठाचें जीवन मात्र तुटलेलें आहे. म्हणून १९२५ पूर्वींचीं वर्णनें, त्यांत उपहास असला तरी, टाकाऊ समजूं नयेत. चालत्या मठांतील विधि पाहिल्याची साक्ष त्यांतच उरली आहे.

दक्षिणेंतील फारसी हस्तलिखितें जमविणारांसही यांतून एक सूचना मिळते. खुलदाबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यु १३३७) यांच्या चिश्ती परंपरेच्या ग्रंथांत ‘समा’ हाच शब्द येतो. तेथें त्याचा मुख्य अर्थ गायनश्रवण होय. श्रोते भरांत येऊन नाचत, पण मेवलेवींचा बांधीव क्रम तेथें नाहीं. शब्द एक म्हणून विधि एक मानूं नये. पोथीवर टिपण करतांना ती कोणत्या पंथाची व कोणत्या शतकाची, हें आधीं नोंदवावें, आणि मगच अर्थ लावावा.