‘नदी होती म्हणून बंदर झालं’ : नांत शहराकडून संशोधन-प्रश्न शिकताना

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला आराखडा बहुतेकांचा एकाच वळणाचा होतो. ‘अमुक शहर : एक भौगोलिक व ऐतिहासिक अभ्यास’. पहिल्या प्रकरणात नदी, हवामान, मृदा. दुसऱ्यात राजवटी. तिसऱ्यात व्यापार. मग गाईड विचारतात, “यात प्रश्न कुठे आहे?” आणि आपण वहीत बघत बसतो.

माहिती आणि प्रश्न यांत नेमका फरक काय, हे एका शहराच्या उदाहरणातून समजून घेऊ. शहर आहे फ्रान्समधलं नांत.

आधी नकाशा

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्त. ती पश्चिमेला अटलांटिक महासागराला मिळते. मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, नदीच्या काठावर आणि तिच्यातल्या बेटांवर नांत वसलं आहे. उत्तरेकडून एर्द्र आणि दक्षिणेकडून सेव्र या नद्या इथेच ल्वारला मिळतात. भरतीचं पाणी नांतपर्यंत पोचतं. बेटं असल्यामुळे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर असे पूल बांधणं शक्य झालं. समुद्राकडून येणारी जहाजं, नदीतून ये-जा करणाऱ्या होड्या आणि पुलावरून जाणारा रस्ता, तिन्ही एकाच जागी आले. किनाऱ्यावरचं मीठ इथून नदीमार्गे देशाच्या आत जायचं. पश्चिमेचा वारा असल्यामुळे शिडाच्या होड्या प्रवाहाविरुद्धही वर जाऊ शकत.

राजकीय इतिहासात हे ब्रिटनीच्या ड्यूकांचं शहर. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला जोडली गेली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा प्रसिद्ध जाहीरनामा इथूनच काढला.

इथवर सगळी माहिती झाली. परीक्षेत मार्क मिळतील, पण संशोधन अजून सुरू झालेलं नाही.

पहिल्या उत्तरावर शंका घ्या

अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं. इथून निघालेल्या अशा १,७०० हून अधिक सफरींची नोंद आहे. फ्रान्समधून झालेल्या एकूण सफरींच्या ४० टक्क्यांहून अधिक. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साडेचार लाखांहून जास्त माणसं या जहाजांत भरली गेली.

हे नांतमध्येच का घडलं? ‘नदीकाठी, समुद्राजवळ, म्हणून,’ हे उत्तर चटकन सुचतं. ते तपासून बघा. ल्वार वाळूची नदी आहे. तिचं पात्र उथळ, वाळूचे पट्टे सतत सरकणारे. त्यामुळे मोठी जहाजं नांतपर्यंत येऊच शकत नसत. ती खाली मुखाजवळ पँबफ इथे थांबत आणि माल लहान होड्यांत उतरवून वर आणावा लागे. म्हणजे निव्वळ बंदर म्हणून बघितलं तर नांतची जागा अडचणीची होती. आपलं ‘कारण’ आता कारण राहत नाही, उलट तेच कोडं होऊन बसतं. प्रश्न बहुतेक वेळा असाच सापडतो.

मग तुलना करा

दक्षिणेला गारोन नदीवर बोर्दो आहे. तेही नदीवरचं बंदर, समुद्रापासून नांतपेक्षाही लांब. कॅरिबियन बेटांशी बोर्दोचा व्यापार प्रचंड होता, पण तिथून निघालेल्या गुलाम-सफरी सुमारे ५०० च. हा फरक का? बोर्दोच्या मागच्या प्रदेशात वाइन होती, पीठ होतं. ते थेट बेटांवर पाठवून साखर-कॉफी आणता येत असे. नांतच्या आसपास बेटांवर खपेल असा माल तुलनेने कमी होता. तिथल्या व्यापाऱ्यांनी माणसांच्या विक्रीतून साखर मिळवायचा रस्ता धरला. नंतर भांडवल, अनुभवी कप्तान, सँ-दोमँगमधल्या (आजच्या हैतीमधल्या) मळेवाल्यांशी ओळखी, असं सगळं साचत गेलं.

हेही संपूर्ण उत्तर नाही. पण दोन सारख्या जागांची तुलना केल्याबरोबर ‘नदी’ या एका शब्दात लपलेले व्यापारी, त्यांचे हिशेब आणि त्यांचे निर्णय दिसायला लागले.

भारताचा धागा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात काय दिलं जायचं? बंदुका, दारू, लोखंड, कवड्या आणि मोठ्या प्रमाणावर सुती कापड. त्यातलं बरंचसं भारतीय. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी पाँडिचेरीसारख्या ठाण्यांतून कापड आणायची. १७३० च्या दशकात हे लिलाव लोरियाँला हलण्याआधी ते नांतमध्ये होत. फ्रान्समध्ये मात्र रंगीत भारतीय छिटं वापरायला १६८६ ते १७५९ बंदी होती. त्यामुळे असं कापड बाहेर पाठवण्यासाठी विकलं जाई.

शाळेत आपण ‘त्रिकोणी व्यापार’ शिकतो : युरोप, आफ्रिका, अमेरिका. कोरोमंडल किनाऱ्यावरचा विणकर त्या आकृतीत कुठेच नाही. आणखी एक गोष्ट. माणसं विकल्याची किंमत बेटांवरून वर्षानुवर्षं हप्त्यांनी वसूल व्हायची आणि बरीच साखर थेट ये-जा करणाऱ्या दुसऱ्याच जहाजांतून यायची. आकृती सोयीची असते, पण तिच्याबाहेर काय राहिलं ते विचारत जा.

कागद कोणाचे?

हे आकडे आले कुठून? जहाज निघताना आणि परतल्यावर सरकारदरबारी नोंद करावी लागे. जाँ मेतास या संशोधकाने अशा कागदांतून अठराव्या शतकातल्या फ्रेंच सफरींची एकेक करून सूची बनवली. त्यांच्या निधनानंतर सर्ज दाजे यांनी ती संपादित केली आणि १९७८ मध्ये नांतचा खंड निघाला. ‘नांतने गुलामांचा व्यापार केला’ या मोघम वाक्याला त्यामुळे जहाजवार पुरावा मिळाला.

पण या कागदांत जहाजाचं नाव आहे, मालकाचं आहे, कप्तानाचं आहे. बंदी माणसांची फक्त संख्या आहे. ‘मारी-सेराफिक’ या नांतच्या जहाजाचं १७७० च्या सफरीचं एक जलरंगातलं चित्र शहराच्या इतिहास-संग्रहालयात आहे. तळाशी पिंपं नीट रचलेली आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर ३०७ माणसं, तशीच रचून ठेवल्यासारखी. त्यातल्या एकाचंही नाव चित्रात नाही. पुरावा कोणी आणि कशासाठी तयार केला हे विचारल्याशिवाय तो वाचता येत नाही, ते यासाठी.

घाईचा निष्कर्ष टाळा

आज नांतमध्ये ‘ईल फेदो’, म्हणजे फेदो बेट, नावाचा भाग आहे. जहाजमालकांची अठराव्या शतकातली देखणी घरं तिथे आहेत. वाळूवर बांधल्यामुळे त्यांतली काही कललेली दिसतात. ज्यूल व्हर्नचा जन्म इथलाच, १८२८ चा. पण बेटाभोवती पाणी नाही. १९२६ पासून पुढच्या दोन दशकांत ल्वारचे हे फाटे बुजवले आणि एर्द्र बोगद्यातून वळवली.

इथे लिहायचा मोह होतो की शहराने आपला भूतकाळ बुजवला. वाक्य छान आहे, पण पुरावा वेगळंच सांगतो. जहाजांसाठी मुख्य पात्र खोल केल्याने फाटे कोरडे पडत होते. बंदराचं काम खाली, १८५६ मध्ये सुरू झालेल्या सँ-नझेरच्या गोदीकडे सरकत होतं. शिवाय पूर आणि वाहतूक होतीच. आठवणींचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे पुरावे वेगळे शोधावे लागतात : १९९२ ते ९४ चं गुलामीवरचं प्रदर्शन, २००१ चा गुलामीला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणणारा कायदा, २०१२ मध्ये धक्क्यावर उघडलेलं स्मारक.

त्या स्मारकाच्या वाटेवर जमिनीत २,००० काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत. १,७१० पट्ट्यांवर सफरींच्या जहाजांची नावं आणि तारखा, उरलेल्या २९० वर बंदरं आणि ठाणी. स्मारकालासुद्धा नावं मिळाली ती जहाजांची, कारण कागदांत तीच होती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता पहिला आराखडा पुन्हा बघा. ‘नांत : एक भौगोलिक व ऐतिहासिक अभ्यास’ लिहिला असता तर ही लाखो माणसं तिसऱ्या प्रकरणात ‘व्यापार’ या मथळ्याखाली एका ओळीत आटोपली असती. एकही चुकीचं वाक्य न लिहिता.

तेव्हा गाईडकडे जाण्याआधी आपल्या विषयाला चार गोष्टी विचारा. मी दिलेलं कारण दुसऱ्या सारख्या ठिकाणी लागू पडतं का? माझ्या आकृतीबाहेर कोण राहिलं? माझे कागद कोणी, कशासाठी लिहिले? आणि त्यांत नाव कोणाचं आहे, नुसता आकडा कोणाचा? ज्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येणार नाही, तिथून सिनॉप्सिस लिहायला घ्या.