बेरजेपलीकडची वही

आमच्या हमरापुरात वही म्हटली की गणपतीच्या कारखान्याची. साच्यातून किती मूर्ती निघाल्या, कुणाला किती उचल दिली. दोन वर्षांपासून आमच्याकडे आणखी एक वही आहे. माझी अकरावीतली लेक पनवेलला दहा मीटर एअर रायफलच्या सरावाला जाते, तिची.

मैत्रिणींनो, या खेळात दहाचा ठिपका केवढा असतो ठाऊक आहे? अर्धा मिलिमीटर! मोहरीहून लहान. पनवेलला मुलांना नेमबाजी शिकवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले होते. तेव्हा बायकांना ४०च शॉट असत. २०१८ पासून पुरुषांइतकेच ६० झाले, आणि आता गुण दशांशात, १०.९ पर्यंत मोजतात.

इतक्या बारीक खेळात नुसती बेरीज लिहून काय कळणार? म्हणून वहीत झोप, जेवण, पाळीचा दिवससुद्धा असतो. (आधी लाजत होती. म्हटलं, अगं लिही, रायफल शरीरानंच धरतेस ना?) छर्रे एका जागी पण केंद्राबाहेर पडले तर साइट फिरवायची, विखुरले तर उभं राहणं, श्वास, चाप ओढणं तपासायचं. मला आवडतो तो रकाना वेगळाच. चाप ओढला की मॉनिटरकडे बघण्याआधी शॉट कुठे गेला ते स्वतः सांगायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, ‘दोनच्या बाजूला’ असं. मग खरा कुठे लागला ते शेजारी लिहायचं. दोन्ही जुळलं तर चूक हातात सापडली म्हणायची.

मागच्या जुलैत तिचे गुण ६१० वरून ५९७ वर आले. ‘सोडते मी,’ म्हणाली. आमचे हे म्हणाले, नाहीतरी खर्चच आहे. मी वही पुढ्यात घेतली. गुण पडले त्या प्रत्येक दिवसाआधी झोप चार-पाच तास, आणि चार ठिकाणी ‘उजवा खांदा दुखतो’. त्या रात्री ती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होती. हात सुबक, म्हणून सगळे तिलाच बसवायचे. पोटभर झोपली त्या दिवशी गुण ६०८, ६११.

ह्यांनी पानं दोनदा उलटून पाहिली, बोलले काही नाहीत. यंदा सरावाच्या आदल्या रात्री आखणीला जोह्याहून एक बाई येतात. मजुरी द्यावी लागते. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.