औषध माणसाला देण्याआधी उंदराची स्लाइड कोण वाचतं? व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्टचं वेगळं करिअर

जनावरांचा डॉक्टर म्हटलं की आपल्याला गोठा आठवतो, नाहीतर कुत्र्याचं इंजेक्शन. मीही जनावरांचाच डॉक्टर आहे, पण माझ्याकडे पेशंट येत नाहीत, काचपट्ट्या येतात. नवं औषध माणसाला पहिल्यांदा देण्याआधी ते प्राण्यांवर तपासतात. या टप्प्याला प्रीक्लिनिकल म्हणतात. त्या प्राण्यांच्या अवयवांत काय बिघडलं, आणि ते औषधामुळेच बिघडलं का, हे मायक्रोस्कोपखाली पाहून लिहून द्यायचं, हे माझं काम. बारावीनंतर इकडे कसं यायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून हा लेख.

आधी कामाचा आवाका बघा. उंदरांवरची 90 दिवसांची चाचणी घेऊ. ओईसीडीच्या नियमाप्रमाणे औषधाचे तीन डोस आणि औषध न दिलेला एक कंट्रोल गट असतो. प्रत्येक गटात किमान 10 नर आणि 10 माद्या, म्हणजे 80 प्राणी. शेवटी शवविच्छेदन होतं, अवयवांची वजनं होतात, तुकडे फॉर्मॅलिनमध्ये जातात. मग ते मेणात बसवून 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि जांभळा-गुलाबी रंग देतात. कंट्रोल आणि सर्वांत मोठा डोस, या 40 प्राण्यांचे सगळे अवयव आधी बघायचे. प्रत्येकाचे चाळीसेक अवयव धरले तरी 1,600 नमुने झाले. मोठ्या डोसमध्ये काही सापडलं, तर तो अवयव खालच्या डोसमध्येही तपासायचा.

आता हे काम स्कॅनरवरही होतं. 15 मिलिमीटर चौरस तुकडा, एका पिक्सेलला 0.25 मायक्रॉन या हिशोबाने स्कॅन केला तर 60,000 गुणिले 60,000, म्हणजे 360 कोटी पिक्सेलचं चित्र तयार होतं. तुमच्या 50 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे 72 फोटो जोडल्यासारखं. ही फाइल फोनवरच्या मॅपसारखी उघडते. जेवढा भाग बघताय तेवढेच चौकोन लोड होतात.

पण दिसणं हा सोपा भाग आहे. खरी कसोटी अर्थ लावण्यात आहे. माझं आवडतं उदाहरण लिमोनीनचं. संत्र्याच्या सालीला जो वास असतो ना, तो मुख्यतः याच रसायनाचा. 1990 साली अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रॅमचा अहवाल आला: लिमोनीन दिलेल्या नर रॅटना मूत्रपिंडाच्या गाठी झाल्या. मग संत्री सोलणं बंद करायचं का? गंमत अशी की त्याच जातीच्या माद्यांना त्या गाठी झाल्या नाहीत, छोट्या उंदरांनाही नाहीत. कारण नर रॅटचं लिव्हर अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन भरपूर बनवतं. लिमोनीनपासून तयार झालेला पदार्थ त्याला चिकटतो, ते मूत्रपिंडाच्या पेशींत थेंबाथेंबाने साठतं, पेशी मरतात, नव्या बनतात, आणि हे सतत चालू राहिलं की गाठ होते. माणसात हे प्रोटीनच बनत नाही. म्हणून 1999 मध्ये आयएआरसीने लिमोनीनला, माणसात कॅन्सर करतं असं वर्गीकरण करता येत नाही, अशा गटात टाकलं. गाठ खरी होती, पण माणसाला धोका आहे हा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

उलटंही होतं. म्हातारे नर उंदीर काहीही न देता मूत्रपिंडाच्या आजाराने खंगतात. हे नेहमीचंच म्हणून सोडून द्यावं, आणि औषध तोच आजार लवकर आणत असेल तर? कंट्रोल गटाच्या स्लाइड्स पुन्हा पुन्हा बघण्याला पर्याय नाही.

चुकलं तर काय होतं याचं गणित सरळ आहे. ज्या डोसला अपायकारक बदल दिसत नाही तो आकडा माझ्या निष्कर्षांवर बराच अवलंबून असतो. समजा उंदरात तो किलोमागे 62 मिलिग्रॅम आला. अमेरिकन एफडीएच्या पद्धतीने 6.2 ने भागा, 10 झाले. सुरक्षिततेसाठी आणखी 10 ने भागा, 1 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या निरोगी स्वयंसेवकाला पहिला डोस जास्तीत जास्त 60 मिलिग्रॅम. प्रत्यक्षात कुत्र्यासारख्या दुसऱ्या प्रजातीचे आकडेही बघतात. मी एक बदल किरकोळ ठरवला, तर हा आकडा वर सरकू शकतो, आणि तो डोस घेणारा माणूस मला कधीच भेटणार नसतो. म्हणूनच बऱ्याचदा दुसरा पॅथॉलॉजिस्ट निवडक स्लाइड्स पुन्हा तपासतो. जीएलपी नियमांखाली नोंद बदलली तर कोणी, कधी, का बदलली हे कायम राहतं. डिलीट फॉर एव्हरीवन इथे चालत नाही!

आता रस्ता. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग नीट. बीव्हीएससी अँड एएच ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. महाराष्ट्रात नागपूरचं माफसू विद्यापीठ, आणि त्याखाली परळचं 1886 पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. त्यानंतर पॅथॉलॉजीत दोन वर्षांचं एमव्हीएससी, काही जण पीएचडी करतात. नोकरी औषध कंपनीत किंवा चाचण्या करून देणाऱ्या सीआरओत मिळते. कॉलेजात गाई-म्हशी आणि कोंबड्या शिकतो, त्यामुळे उंदीर खऱ्या अर्थाने नोकरीतच कळतो. पुढे इंडियन कॉलेज ऑफ व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्ट्सची डिप्लोमेट परीक्षा आहे. अमेरिकेतली एसीव्हीपी जास्त अवघड, पण जगभर मान असलेली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्राणी वाचवायचे म्हणून तुम्ही व्हेट होणार असाल, तर इथे अभ्यासातले बहुतेक प्राणी शेवटी मारले जातात. माझ्या दोन बॅचमेट्सनी याच कारणाने हे क्षेत्र सोडलं, आणि मला त्यांचं पटतं. मी थांबलो, कारण स्लाइड नीट वाचली नाही तर तीच चाचणी पुन्हा करावी लागू शकते, म्हणजे आणखी प्राणी.

आणि एआय? पेशी मोजणं, नॉर्मल स्लाइड बाजूला काढणं यात ते भराभर शिकतंय. मला धोका दुसरीकडून दिसतो. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये आणि भारताने 2023 मध्ये प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरायला कायद्यात जागा केली. एप्रिल 2025 मध्ये एफडीएने मोनोक्लोनल अँटिबॉडी औषधांपासून प्राणी चाचण्या कमी करत नेण्याचा आराखडा जाहीर केला. हे चांगलंच आहे, पण उंदरांच्या स्लाइड्स घटतील. लॅबमध्ये वाढवलेल्या छोट्या लिव्हरमध्येही इजा कोणती आणि नॉर्मल काय हे ओळखणारा लागेल, मात्र किती जण लागतील याची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

हे काम आपल्याला जमेल का, हे फी भरण्याआधी फुकटात बघता येतं. नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रॅमचा नॉन-निओप्लास्टिक लिजन अ‍ॅटलस फोनवरही उघडतो, त्यात लिव्हर निवडा. लॅपटॉप असेल तर क्यूपाथ हे मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाका. गुलाबी-जांभळी चित्रं अर्धा तास बघून कंटाळा येतोय की अजून झूम करावंसं वाटतंय, तेवढं बघा.