इतिहासाच्या पदवीची पंचवीस वर्षे : पेपर बदलले, साधने मागेच राहिली

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि प्रथम वर्ष कला शाखेचे वेळापत्रक लावताना इतिहास विभागांची पुरती दमछाक झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस अशा रकान्यांत इतिहास कुठे आणि किती बसवायचा, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. या पंचवीस वर्षांत पदवीची ही बांधणी अनेकदा मोडली आणि नव्याने उभी राहिली. प्रत्येक बदल मी वर्गात उभी राहून पाहिला. वाद बहुतेक दोनच मुद्द्यांवर रंगले : कोणता कालखंड घ्यायचा आणि तो किती गुणांचा ठेवायचा. विद्यार्थ्याच्या हाती इतिहासाचे अस्सल साधन कधी द्यायचे, हा प्रश्न दर वेळी बैठक आटोपत आली की निघाला. माझ्या मते पदवीचा कस त्याच प्रश्नावर लागतो. म्हणून हा मागोवाही त्याच अंगाने घेते आहे.

जनरल आणि स्पेशल

शतकाच्या सुरुवातीला पुणे विद्यापीठाच्या कक्षेत इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न असायचा, ‘जनरल की स्पेशल?’ पहिल्या वर्षी जी-वन. दुसऱ्या वर्षी जी-टू आणि जोडीला एस-वन, एस-टू. तिसऱ्या वर्षी जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर. स्पेशल इतिहास घेणाऱ्याचे तीन वर्षांत ७ पेपर व्हायचे. मुंबई विद्यापीठाची रीत वेगळी होती. तिथे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि एकट्या इतिहासात पदवी घ्यायची तर तिसऱ्या वर्षी ६ पेपर. पुण्याचा विद्यार्थी विषयात पायरीपायरीने उतरायचा, मुंबईच्या विद्यार्थ्यावर बहुतेक सगळा भार शेवटच्या वर्षी यायचा.

वार्षिक पद्धतीला आज नावे ठेवली जातात, पण तिने एक मोठी गोष्ट दिली होती : सवड. जूनमध्ये सुरू झालेला पेपर फेब्रुवारीपर्यंत चालायचा. प्रवेश लांबले, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या, तरी विषयात मुरायला वेळ उरायचा. आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिवकाल होता. हा विषय विद्यार्थी घरूनच घेऊन येतो. चौथीचे पुस्तक, पोवाडा, व्याख्यान, गडावरची सहल यांतून त्याची मते पक्की झालेली असतात. पदवीच्या उंबरठ्यावर असा विषय असणे ही मोठी संधी होती, कारण ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ हा प्रश्न जिव्हाळ्याच्या विषयावर विचारला की तो कायमचा लक्षात राहतो.

त्यासाठी मी शिवजन्माची तिथी घ्यायचे. फळ्यावर दोन नोंदी लिहायच्या. एक, उत्तरकालीन बखरींतून रूढ झालेली वैशाख शुद्ध २, शके १५४९. दुसरी, जेधे शकावलीतली फाल्गुन वद्य ३, शके १५५१. मग इसवी सन काढायला सांगायचे. सगळे शकात ७८ मिळवतात. पहिल्या नोंदीचे उत्तर १६२७ येते, ते बरोबर असते. दुसऱ्या नोंदीचे १६२९ येते आणि वर्गात कुजबुज सुरू होते, कारण १६३० हे साल प्रत्येकाला पाठ असते. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते आणि तिथे ७९ मिळवावे लागतात, हे कोणीतरी एक जण शोधून काढतोच. मग १९ फेब्रुवारी ही ज्युलियन पंचांगाची तारीख आहे, हे सांगायचे. आता खरा प्रश्न पुढे येतो : दोन नोंदींपैकी कोणती धरायची आणि का? कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात वर्णन नाही, स्तुती नाही, नुसत्या तिथ्या आणि घटना आहेत. पुढे स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये छापलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच तिथी मिळाली. हा तर शिवकालातलाच ग्रंथ. एक देशमुखी घराण्याची कोरडी नोंद, दुसरे संस्कृत काव्य. दोहोंचा हेतू वेगळा, भाषा वेगळी, तरी तिथी एकच. पुरावा म्हणजे काय, हे अठरा वर्षांच्या मुलाला दोन तासांत उमगते.

पण प्रश्नपत्रिकेत या दोन तासांना जागा नव्हती. तिथे ‘शिवपूर्वकालीन महाराष्ट्राची स्थिती सांगा’ आणि चार टिपा. त्या अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ करता यायच्या आणि मुले करायचीही. त्यांना दोष कशाला द्यायचा? जे मोजले जाते तेच विद्यार्थी करतो.

पदवी एकीकडे, दप्तरे दुसरीकडे

याचे मूळ फार मागे आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवणे महाविद्यालयांचे, पेपर काढणे आणि पदवी देणे विद्यापीठाचे. विद्यार्थ्याला वाचावा लागायचा मुख्यतः इंग्लंडचा इतिहास. त्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावर १९०० मध्ये ग्रंथ लिहिला, तो पदवीनंतर कित्येक वर्षांनी स्वतःच्या ओढीने.

साधने गोळा करण्याचे प्रचंड काम विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरच झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरे धुंडाळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि पुढे त्या मालेचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी १९२६ मध्ये महाविद्यालयातच संशोधन संस्था सुरू केली, पण असे उदाहरण विरळाच. पदवी एकीकडे आणि दप्तरे दुसरीकडे, ही फाळणी आपल्या अंगवळणी पडली ती अशी.

स्वातंत्र्यानंतर अभ्यासक्रमात मराठ्यांचा, भारताचा, आशियाचा इतिहास आला. ही कमाई मोठी होती. फाळणी मात्र मिटली नाही. इतिहासलेखनशास्त्राचा पेपर आला, पण तिसऱ्या वर्षी. त्यात रांके, कार, राजवाडे, कोसंबी प्रत्येकी एका टिपेपुरते असायचे. राजवाड्यांचा एकही खंड न उघडता राजवाड्यांवरच्या टिपेत पूर्ण गुण मिळायचे. साधने कशी तपासावी हे शिकायचे, तेही सगळे कालखंड शिकून झाल्यावर! क्रमच उलटा होता.

त्या जुन्या रचनेची एक बाजू मात्र आवर्जून सांगायला हवी. विसाव्या शतकातल्या जगाचा पेपर तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक इतिहास-विद्यार्थ्याला होता. तालुक्याच्या महाविद्यालयात रशियन क्रांती, व्हर्सायचा तह, हिटलरचा उदय, शीतयुद्ध यांवर वर्षभर चर्चा व्हायची. स्वतःच्या इतिहासाकडे नीट बघायचे तर दुसऱ्यांचाही माहीत हवा, यावर माझा तेव्हाही विश्वास होता आणि आज तो अधिक घट्ट झाला आहे.

सत्रांचा जमाना

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नमुना अभ्यासक्रम आले, २०१५ पासून निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीचा आग्रह सुरू झाला. मुंबईने २०११-१२ पासूनच पदवीला सत्र पद्धत आणली होती. पुण्यात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला ती २०१९ च्या पॅटर्नने आली. वर्षाचा पेपर दुभंगला, ७० गुण विद्यापीठाचे आणि ३० अंतर्गत झाले.

या बदलाने चांगलेही केले. कालक्रम सुधारला. पहिल्या वर्षाला प्राचीन भारत आला, दुसऱ्या वर्षाला मराठ्यांचा इतिहास. प्राचीन भारत म्हटले की पूर्वी हडप्पा, पाटलीपुत्र असे सगळे लांबचेच वाटायचे. आता शिरूर तालुक्यातले घोडनदीकाठचे इनामगाव आणि जुन्नरजवळचा नाणेघाट थेट अभ्यासक्रमाला जोडता आला. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती डेक्कन कॉलेजने उकरून काढली. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यातले आकडे बोटाने दाखवून मुलांना वाचायला लावता येतात.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा पेपर तर साधने वाचायला आयताच. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री पुरुष तुलना’ १८८२ ची आणि जोतीरावांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदनही १८८२ चेच. सगळे छापील आणि सहज मिळणारे. पहिली दोन तर मराठीतच. मोडीची अडचण नाही, फारसीची नाही. या पेपरला मूळ पुस्तके वर्गात नेली की कोणत्याही गाईडपेक्षा वेगळी चर्चा होते. लेखक कोणाशी वाद घालतो आहे, कोणाला उद्देशून लिहितो आहे, हे मुले आपणहून शोधू लागतात.

गेली ती सवड. ४ क्रेडिटच्या पेपरला कागदावर ६० तास असतात. प्रवेशाच्या फेऱ्या, अंतर्गत चाचण्या, सत्र परीक्षा यांतून प्रत्यक्षात हाती किती तास येतात, हे शिकवणाऱ्याला चांगले ठाऊक आहे. ३० अंतर्गत गुणांत साधनाधारित काम करून घेता आले असते. शंभर-दीडशेच्या वर्गात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या सीएचबी प्राध्यापकांच्या भरवशावर ते गुण लेखी चाचणीतच संपले. अभ्यासक्रम मंडळात ठरतो, पण घडतो वर्कलोडच्या तक्त्यात. कोणता पेपर जगेल हे पुष्कळदा त्याच्यावर कोणाची जागा टिकते यावरून ठरले, हेही या काळाचे वास्तव आहे.

२०२० च्या कोविडकाळात परीक्षा बहुपर्यायी झाल्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. पण इतिहासाची पदवी एक परिच्छेदही न लिहिता मिळू शकते, हे तेव्हा दिसले आणि पुढची दोन-तीन वर्षे त्याचा परिणाम उत्तरपत्रिकांवर जाणवत राहिला. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास घेणाऱ्यालाही मुद्दा मांडून, पुरावा देऊन लिहिता आलेच पाहिजे.

मेजर, मायनर आणि मोडी

राज्य शासनाच्या २०२३ च्या निर्णयानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. पहिल्या वर्षी इतिहासाचा वाटा आक्रसला, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तो वाढला. लहान लहान २ क्रेडिटचे कोर्स आले. त्यामुळे अभ्यास तुकड्यांत विखुरण्याचा धोका खरा आहे. तरीही या रचनेत मला आशा दिसते. फिल्ड प्रोजेक्ट, कौशल्याचे कोर्स आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना पहिल्यांदाच स्वतःची क्रेडिट मिळाली आहेत. साधने हाताळायला वेळापत्रकात हक्काची जागा झाली आहे.

ती कशी वापरायची हे विद्यार्थ्यांच्या गावांतच दिसते. गावच्या देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला वीरगळ असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. विद्यार्थी आजवर त्याला नुसता नमस्कार करून पुढे जात होता, आता तो मोजमाप घेतो, रेखाटन करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतले जुने जनरल रजिस्टर उघडले की कित्येकांची जन्मतारीख १ जून निघते. मास्तरांनी ती सोयीसाठी घातलेली. सरकारी शिक्क्याची नोंदही तपासूनच घ्यायची असते, हा धडा कार यांच्यावरच्या टिपेपेक्षा पक्का बसतो. आणि २०२३ च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली, हे आपण सर्वांनी पाहिले. इतिहास घेऊन काय करणार, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

पुढच्या आखणीसाठी माझे म्हणणे तीन ओळींचे आहे. पहिल्याच सत्रात साधनांचा परिचय हवा, इतिहासलेखनशास्त्राची सैद्धांतिक बाजू तिसऱ्या वर्षी येऊ द्या. जगाच्या इतिहासाचा किमान एक पेपर मेजरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा हवा, ऐच्छिकांच्या यादीत तो हरवता कामा नये. आणि ४ क्रेडिटच्या प्रत्येक पेपरमधले १ क्रेडिट, म्हणजे १५ तास, एका साधनासाठी राखून ठेवा : शिवकालाला शकावली, प्राचीन काळाला शिलालेख, एकोणिसाव्या शतकाला एखादे निवेदन. त्याचे गुण त्या साधनावरच्या लेखनालाच मिळावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवे धोरण लागत नाही. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत हा ठराव होऊ शकतो. पुढच्या पॅटर्नची वाट न पाहता तो आताच व्हावा.