ट्रॉलीचा रंग गुळगुळीत का येत नाही?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या रंगाला लागतात. भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपमधून रंगवून आणलेली ट्रॉली लांबून झळकते, पण हात फिरवावा तर पत्रा खरखरीत, आणि पुढच्या श्रावणापर्यंत पापुद्रे सुटलेले. मग सभासद म्हणतात, "डबा तर महागाचा आणला होता की!" आमचे म्हणणे असे, की दोष बहुधा डब्यात नसतो.

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. अशा मोटार कारखान्यांत रंगाआधी पत्रा धुऊन फॉस्फेटचा थर चढवतात, अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साह्याने अस्तर बसवतात. फवारा त्यानंतर. आपल्याकडे हौद नाही, पण तारेचा ब्रश आहे. उसाचा चिकटा पाण्याने जातो, ग्रीस थिनरच्या फडक्याने. गंज मात्र खरडूनच काढावा लागतो. तो राहिला तर वरचा रंग त्याच्यासकट निघतो. मग रेड ऑक्साइड, खड्ड्यांत लांबी, आणि पॉलिश पेपर.

आता गन. रंग घट्ट असला तर थेंब पसरत नाहीत, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. फार पातळ केला तर ओघळतो. गन पत्र्यापासून वीतभर धरावी. लांब धरली की थेंब वाटेतच सुकतात व रंग वाळूसारखा बसतो. भर उन्हातही हेच होते. हात पत्र्याला समांतर चालावा, कोयता फिरवल्यासारखा नव्हे. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पाण्याची. हवा दाबली की तिच्यातली वाफ कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साठते; पाऊस सरता सरता तर फारच. ते गनमधून रंगात गेले की फोड येतात. टाकीखालचा कॉक रोज सोडतो का, एवढे मिस्त्रीला विचारावेच. रागावला तर रागावू द्या.

हार्डनर मिसळायचा पीयू रंग चकाकतो खरा, पण त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. ते काम घरच्या शेडात मुळीच करू नये.

राहिले ट्रॉलीमागचे रिफ्लेक्टर. फवारण्याआधी त्यांवर कागद चिकटवावा, नंतर आठवणीने काढावा. रंगाखाली गेलेला रिफ्लेक्टर रात्री चमकत नाही, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर मागून कंटेनर येत असतात.